उलट्या धारेची सुरी

४ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्यात सहा सुऱ्या आहेत. जपून उघड. वर्तमानपत्राच्या आत कापड, कापडाच्या आत पुठ्ठा आणि त्याच्या आत सुरी. मागच्या खेपेला पोस्टातल्या माणसाने खोका हलवून बघितला आणि बोट कापून घेतलं. तेव्हापासून मी खिडकीशी आले की तो दोन्ही हात खिशात घालतो.

एवढ्या मोठ्या शहरात धार लावणारा मिळत नाही का, असं तू विचारलंस. मिळतो. पण तो सुरी दोन्ही अंगांनी घासून देतो, घरच्या सुरीसारखी. ह्या जपानी सुरीचं एक अंग सपाट असतं आणि उतार फक्त दुसऱ्या अंगाला. तुला मी एकदा पत्रात चित्र काढून दाखवलं आणि तू घरबसल्या शिकलीस. ह्याला समोर उभं राहून सांगितलं, तर तो मलाच शहाणपण शिकवायला लागला. आणि चाकाच्या घरघरीने तुझे कान असे केलेत की फोनवर मी ओरडते आणि शेजारची गल्ली ऐकते. तेव्हा पत्रच बरं.

आमच्या गल्लीचं काय सांगू! तीन नाटकगृहं, दोन सिनेमे, एक नाचाचा हॉल, आणि त्यांच्या मधोमध तीन वर्षांपूर्वी जपानी हॉटेल आमचं एकच होतं. लोक पैज लावून कच्चा मासा खायला यायचे. आता चौदा झालीत. चपलांचं दुकान गेलं, जपानी आलं. न्हाव्याचं गेलं, जपानी आलं. भिंतीवर आरसे तेच आहेत, गिऱ्हाईक स्वतःला घास गिळताना बघतं. नाटकाचं तिकीट नाही मिळालं तरी चालेल, पण सुशी हवी, असं लोक खुशाल बोलतात.

पण आत्या, पाटी एका दिवसात रंगवून होते, हात तयार व्हायला चार वर्षं लागतात. एक वर्ष नुसतं भाताला, तीन माशाला. चौदा हॉटेलं आणि हात मोजून नऊ. म्हणून आधी हात पळवापळवी झाली आणि आता हात मोडामोडी सुरू झाली आहे. सगळ्या गल्लीला बर्फ आणि मासा पुरवणारा एक आहे, त्याला सगळे बर्फवाला म्हणतात. त्याने स्वतःची पाच हॉटेलं काढलीत. टेबलं आहेत, दिवे आहेत, बाहेर रांग आहे, आत कापणारा नाही. जो आचारी बोलावून येत नाही, त्याचा हात दुसऱ्याकडेही राहायचा नाही, असा त्याचा हिशेब.

सोमवारी सकाळी अकरा वाजता कोपऱ्यावरच्या आचाऱ्याची बोटं त्यांनी शीतखोलीच्या लोखंडी दाराच्या फटीत धरली आणि दार खांद्याने ढकलून लावलं. पहिल्यांदा नीट लागलं नाही म्हणून पुन्हा लावलं. हे काम बर्फवाल्याच्या एका माणसाचं. तो उन्हातही गळ्यात मफलर गुंडाळतो, म्हणून त्याचं नाव मफलर. आमच्या भांडी घासणाऱ्या मावशींनी तो हात पाहिला. ओल्या हातमोज्यात वाटाणे भरावेत तसा दिसत होता म्हणाल्या.

मला कापायला शिकवणाऱ्या आमच्या उस्तादांनाही बर्फवाल्याचं बोलावणं आलं होतं. त्यांनी निरोप धाडला की माझ्या हातांना ह्याच मोरीच्या पाण्याची सवय आहे, दुसरीकडे सर्दी होईल. सगळे हसले. आमच्या मालकीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

सुऱ्यांची वाट बघते. पत्राला उशीर झाला तरी चालेल, लोभाला गंज चढू देऊ नकोस.

तुझी ठमी


१२ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला. दारात बोटं! अगं, जनावराचा खूर अडकला तरी माणूस धावतो. आणि तू कशी लिहितेस, जसं काही मांजराने दूध सांडलं. तुम्हा शहरातल्यांची कातडी जाड झाली की डोळे बारीक झाले, ते एकदा येऊन दाखव.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, आणि तुमचं तर पाणीही त्याचंच, मासाही त्याचाच. उस्तादांना माझा नमस्कार सांग आणि सांग की विनोद जरा आवरते घ्या. तुझे आतोबाही असेच होते. जीभ निसण्यावर घासलेली. ते गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता हे चाक बंद. पण शिंप्यांच्या कात्र्या आणि सुताराच्या करवती दारात येऊन पडायच्या थांबेनात. मग बसले एक दिवस चाकावर. पहिल्या महिन्यात शिंप्याची कात्री मी अशी केली की त्यातून लोणीसुद्धा कापेना. बिचारा तरीही पुन्हा आला. माणूस असाच शिकतो, दुसऱ्याच्या कात्रीवर. अक्षरंही मी दुकानांच्या पाट्या बघून शिकले, म्हणून माझ्या पत्रात सगळं जरा ठळक असतं.

आता कामाचं. सहापैकी पाच सुऱ्या शहाण्या निघाल्या, सहावी वेडी. कुण्या गाढवाने तिचा उतार भलत्याच अंगाला काढला होता, आरशात बघून केल्यासारखा. म्हटलं, ठमीच्या हॉटेलाची इभ्रत जायला नको. दोन दिवस खपले. आधी चाकावर, मग खरखरीत निसण्यावर, मग मऊ. पातं रोड झालं थोडं, पण सरळ झालं. वळण लावायला मला कुणी शिकवायला नको. तुझा डावा हात आठवतो ना? दादा आणि वहिनी गेल्यावर तू आलीस ती सहा वर्षांची, आणि जेवताना बघावं तर डावा पुढे, पाटीवर बघावं तर डावा पुढे. तुझ्याच वेणीच्या लाल रिबिनीने खुर्चीला बांधला. आठ महिने रडलीस, मग झालीस उजवी. आज त्या काउंटरवर शंभर लोकांपुढे उभी राहतेस, ते त्या रिबिनीमुळे. आत्याचे उपकार मानायचे सोडून मेली महिना महिना पत्र पाठवत नाही!

जिवाला जप. दोन हात दिलेत देवाने, तिसरा मागायला गेलं तर तो दार उघडत नाही.

माया तुला पुरून उरावी एवढी इथे आहे, न्यायला ये.

तुझी आत्या


२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

परवा दुपारी दोन वाजता ते आमच्याकडे आले. सकाळचा नाट्यप्रयोग सुटला होता, बाहेर रांग नाचाच्या हॉलपर्यंत गेली होती. सहा जण, लोखंडी गज घेऊन. मफलर सर्वांत शेवटी आला, पायपुसण्यावर पाय पुसून.

पहिला गज माशांच्या काचेच्या टाकीवर पडला. पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत उडालं, आणि लादीवर मासे तडफडत असताना ते त्यांच्यावरून बूट घसरवत काउंटरवर आले. मालकीणबाई मध्ये पडल्या, मफलरने त्यांच्या कानाखाली अशी दिली की कान फाटून कानातलं भाताच्या टोपात पडलं. दोघांनी उस्तादांचे खांदे धरले. मफलरने त्यांचे दोन्ही हात कापायच्या पाटावर पसरले, एक एक बोट वेगळं केलं, लहान मुलाची नखं कापायला घ्यावीत तसं. मग बर्फ फोडायचा हातोडा घेतला. म्हणाला की सर्दीवर हेच औषध.

दहा बोटं, आत्या. उस्ताद ओरडले नाहीत. सहाव्या बोटाला त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भातावर झाकण घाल, वाळतोय, असं म्हणाले. मी काउंटरखाली बसले होते. झाकण माझ्या हातात होतं. मी उठले नाही. हे मी तुलाच सांगते आहे, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

आणि दुसरी गोष्ट सांगते, ती ह्याहून वाईट आहे की काय कळत नाही. बाहेर चाळीस माणसं रांगेत उभी होती, मधे नुसती काच. सगळं दिसत होतं. एकही जण आत आला नाही आणि एकही जण रांग सोडून गेला नाही. पोलीस येऊन गेल्यावर एका गृहस्थांनी दारातून डोकावून अगदी अदबीने विचारलं की संध्याकाळी उघडणार असाल तर आम्ही असेच थांबू का.

उस्तादांचे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहेत. ते पोलिसांना काही सांगत नाहीत, कारण घरी त्यांची लेक आहे. मालकीणबाईंनी टाकीच्या जागी फुलदाणी ठेवली आणि काल मला काउंटरवर उस्तादांच्या जागी उभं केलं. रांग होतीच. गल्लीत आता हात सात उरलेत, आठवा माझा.

सोबत चार सुऱ्या पाठवते. ती वेडी सुरी तू शहाणी केलीस त्याबद्दल आभार. ज्या खुळ्याची ती होती त्याने आता नवी घेतली आहे. ती चौथी, बिनरंगी मुठीची. तिला कृपा करून उलट्याच अंगाने धार लाव. कुणाची ते विचारू नकोस.

रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र लिहायचं थांबू नकोस.

तुझी ठमी


८ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्याहून अनेक शिव्या.

पहिल्या गाडीने निघून ये. हा निरोप नव्हे, हुकूम आहे. तुला मी कुणाच्या हातोड्याखाली ठेवायला वाढवलं नाही. इथे कात्र्या आहेत, करवती आहेत, शिंपी नवीन बायको शोधतो आहे आणि मला उगाच दिवसाआड कात्री आणून देतो. त्याला मी तुझ्याबद्दल सांगितलं नाही, घाबरू नकोस. तो साठीचा आहे, त्याची नजर माझ्यावर आहे. हसलीस का? हसलीस तर बरं. मी नाही हसले चार दिवस.

झाकणाचं मनाला लावून घेऊ नकोस. उठली असतीस तर वीस बोटं मोडली असती, भात वाळायचा तो वाळलाच असता. पण त्या रांगेचं मला काही केल्या समजेना. मी ते पत्र शिंप्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला की त्यांना भूक लागली असेल. मी त्याला कात्रीसकट हाकलून दिला. मग लक्षात आलं की त्याचं बरोबर होतं. पोट भरलेला माणूस भांडण सोडवायला जातो. भुकेला माणूस भांडण संपायची वाट बघतो.

तीन सुऱ्यांना धार लावली. लावणार नव्हते. सुऱ्या नसतील तर ही पोर काउंटरवर उभी राहणार नाही, अशी युक्ती सुचली होती. पण बोथट सुरी घेऊन तू उभी राहशीलच, आणि बोथट सुरी हाताला जास्त कापते. तुझा हट्ट माहीत आहे मला, आमच्याच घरातला आहे.

चौथी सुरी. तिची मूठ मी बराच वेळ हातात धरून बसले. नव्या लाकडावर अंगठ्याचा डाग पडायला लागला आहे, आणि जिथे पडायचा त्याच्या पलीकडच्या अंगाला पडला आहे. तू विचारू नकोस म्हणालीस. मी विचारत नाही. ह्या वेळी तिच्याच अंगाने लावली आहे. पहिलीवर मी दोन दिवस घालवले, त्याचं तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

लोभ आहेच. तो इथे येऊन घे, टपालाने पाठवायला आता भीती वाटते.

तुझी आत्या


२६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
नमस्कार.

अक्षराला हसू नकोस. नर्सला लिहून दे म्हणणार होते, पण तुला दुसऱ्याच्या हाताने कळायला नको.

मंगळवारी सकाळी मागच्या बोळात बर्फ उतरून घेत होते. गाडीतून बर्फाच्या आधी मफलर उतरला. दोघांनी मागून धरलं. त्याने विचारलं की तुझ्या उस्तादाने हात तर दिले, अक्कल दिली का? बर्फवाल्याने मलाही बोलावलं होतं, ते तुला लिहिलं नव्हतं; त्याचं मागणं दोनदा नाकारणारी गल्लीत तू पहिलीच, म्हणाला. मग त्याने माझा उजवा हात बर्फाच्या लादीवर ठेवला. रोज काउंटरवर तोच बघत होता ना. शंभर लोक बघतात.

बर्फ फोडायचा टोच्या तळहातातून आरपार गेला आणि खालच्या बर्फात रुतला. काढताना त्याने तो फिरवला. मग बर्फ उचलायच्या चिमट्याने मनगटावर चार घाव. चौथ्याला हाड बाहेर आलं. बर्फ लाल झाला आणि वितळायला लागला, आणि मला वेड्यासारखं वाटत होतं की ही लादी आता परत पाठवावी लागेल.

आत्या, आता जे लिहिते ते मी वीस वर्षं लपवलं आहे. माझा डावा हात एप्रनच्या खिशात होता. खिशात ती बिनरंगी मुठीची सुरी होती, तुझ्या धारेची. मफलरचा गळा माझ्यापासून एका वितीवर होता, मफलर सैल झाला होता. मी मूठ धरली होती आणि धरूनच राहिले. सुरी बाहेर काढली असती तर हा हातही त्यांना कळला असता. म्हणून हाताला म्हटलं की गप्प बस, तू नाहीसच. तो बसला. त्याला सवय आहे.

रिबिनीने तो उजवा झाला नाही, नुसता लपायला शिकला. रोज पहाटे भात शिजत असताना उस्ताद मला मागच्या खोलीत डाव्या हाताने कापायला लावायचे. पहिल्या आठवड्यातच त्यांनी ओळखलं होतं. काउंटरवरच्या जागा अरुंद, डावा कोपर शेजारच्याला लागतो, म्हणून पुढे उजवा आणि मागे डावा, असं आमचं ठरलं होतं. पण पातळ काप मला डाव्यानेच जमतो. ती वेडी सुरी माझी होती. तू दोन दिवस खपून ती सरळ केलीस तेव्हा मी मोरीपाशी बसून इतकी हसले, की मावशी पाणी घेऊन धावल्या. रडले की हसले ते मावशींना विचारावं लागेल.

डॉक्टर म्हणतात की अंगठा आणि पहिलं बोट आता वळणार नाहीत. मी येत नाही. ह्या हाताला एकदा उजेडात कापू दे, मग बघू.

तुझी ठमी


३ मार्च

चि. ठमे,

आशीर्वाद द्यायला माझा हात वर होत नाही, म्हणून ह्या खेपेला तू समजून घे.

पाकीट बघितलं आणि तुझं नाव वाचायच्या आधी अक्षर ओळखलं. सहा वर्षांची असताना तू पाटीवर जे काढायचीस तेच. ठ पोट फुगलेला, रेघ शेपटीसारखी वर उडालेली. एवढी वर्षं ते अक्षर मी पुसलं असं समजत होते, आणि ते बसून होतं आत, वाट बघत. त्या खुर्चीच्या हातावर रिबिनीचा व्रण अजून आहे. काल कुऱ्हाड घेतली आणि खुर्ची फोडली. शेजाऱ्यांना वाटलं चोर शिरला. शिंपी काठी घेऊन आला आणि मला त्या लाकडांत बसलेली बघून तुकडे गोळा करायला लागला. माणूस बरा आहे.

मी मूर्ख, ठमे. शाळा नाही, गुरू नाही, जे बघितलं ते केलं. सगळ्यांच्या सुरीचा उतार उजवीकडे, तर हिचाही तिकडेच असायला हवा, एवढीच अक्कल. दादाने तुझे दोन्ही हात माझ्या हातात दिले होते, त्यातला एक मी बांधून ठेवला आणि दुसरा त्या राक्षसाने फोडला. त्याच्यात आणि माझ्यात फरक आहे असं मी रोज मनाला सांगते. मन ऐकून घेतं, मान हलवत नाही.

आणि तो मला भेटला तर त्याला चाकावर धरीन. मफलरसकट. आधी खरखरीत बाजू. हे आत्याचं बोलणं समज आणि सोडून दे. पण काल करवतीला धार लावताना दोनदा त्याचंच तोंड दिसलं आणि करवतीचे चार दात उडाले.

ये म्हणणार नाही. एकदा तुला बांधून ठेवलं, ते पुरे झालं. नवी सुरी पाठवते. पातं इथल्या लोहाराकडून घडवून घेतलं, धार पहिल्यापासून तुझ्या अंगाची. मूठ त्याच खुर्चीच्या लाकडाची आहे. पटली नाही तर चुलीत घाल.

तुझीच,
आत्या


२ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुरी परत पाठवते आहे. खाच पडली आहे, ती बघशील. कशाने पडली ते आधी सांगते.

काल मी काउंटरवर उभी राहिले. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्यात तुझी सुरी. मालकीणबाईंनी माझ्या डावीकडची एक जागा कमी केली, कोपराला मोकळं. उस्ताद कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून, लहान मुलाला घेऊन बसतात तसे. पहिला काप पडला आणि ते इतकंच म्हणाले की आता भातावरचं झाकण काढ.

तासाभरात गल्लीत बातमी गेली. एक वाजता मफलर आला. बाहेर चाळीस जण होते. तो रांगेकडे न बघता पुढे आला, सर्वांत पुढच्या छत्रीवाल्या गृहस्थांना कोपराने बाजूला सारलं, आणि पहिल्या जागेवर बसला. माझ्या हाताकडे बघत राहिला. मग हसला, म्हणाला की चुकीचा नळ बंद केला की आम्ही. आणि त्याने माझं डावं मनगट धरून पाटावर दाबलं, दुसऱ्या हाताने कोटातून टोच्या काढला.

मी प्लास्टर त्याच्या तोंडावर घातलं. माझं हाड पुन्हा मोडलं, त्याचं नाक मोडलं. पकड सुटली, पण त्याचा हात पाटावरच राहिला. सुरी खाली आली. मी आणली, आत्या. आपोआप आली असं सगळे म्हणतात, मी म्हणणार नाही. दोन बोटं. एकात लोखंडी अंगठी होती, तिच्यावर ही खाच पडली. सुरीला जोर लागला नाही, आणि त्यानेच मला रात्रभर झोप नाही. तुझी धार फार चांगली आहे.

तो टोच्या घेऊन काउंटरवर चढला. तेव्हा छत्रीवाल्या गृहस्थांनी छत्रीची मूठ त्याच्या पायात घातली. रांग मोडतोस, रांग मोडतोस, एवढंच म्हणत होते. आणि मग सगळे आत आले. ज्यांनी उस्तादांची दहा बोटं काचेतून बघितली, तेच. नाटकाला निघालेल्या एका बाईंनी पायातला उंच टाचेचा बूट काढून त्याच्या डोक्यात घातला. छत्र्या, पर्सा, माझी स्टुलं. त्याच्या बरगड्या मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. शेवटी मालकीणबाई त्याच्यावर आडव्या पडल्या म्हणून तो वाचला, त्याच्यासाठी, ज्याने त्यांचा कान फाडला होता!

पोलिसांनी विचारलं तर चाळीस जणांनी एकच सांगितलं की ह्याने रांग मोडली आणि स्वतःच सुरीखाली हात घातला. उस्तादांनी मग तोंड उघडलं. सगळी तक्रार लिहून घेतली, सही करता येईना म्हणून पेन दातात धरून फुली मारली. पोलीस मफलरला हॉस्पिटलातून थेट आत नेणार आहेत. बर्फवाल्याला आज धरला, उद्या सोडतीलही. बर्फ सगळ्यांना लागतो.

आणि मग तेच चाळीस जण पुन्हा रांगेत उभे राहिले, आधीच्या क्रमाने, आणि आत कधी घेणार म्हणून विचारायला लागले. मी मोरीत ओकले, पाट बदलला, डॉक्टर येईपर्यंत चौघांचं कापून दिलं. सुरी तीच होती. मला थांबताच येईना.

एवढंच विचारायचं आहे. हा हात तू बांधून ठेवला होतास, तेच बरं होतं का?

लोभ ठेव, मागच्याइतका नाही जमला तरी थोडा.

तुझी ठमी


९ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. आज हात वर झाला.

खाच काढली. माशाच्या काट्याने अशी पडत नाही, हे न सांगताही कळलं असतं. लोक समजतात की खाच घासून भरते. भरत नाही. तिच्या तळापर्यंत सगळं पातं खाली आणावं लागतं, तेव्हा ती जाते. सुरी केसभर अरुंद झाली आहे आणि आता तशीच राहणार. तूही राहशील. कापशील मात्र नीट. ज्याला बोटं कापून झोप येते त्याच्यासाठी मी धार लावत नाही. तुला आली नाही, म्हणून लावली.

तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायला तीन दिवस लागले, आणि ते एका शब्दाचं निघालं. नाही. बांधला नसता तर तो वीस वर्षं अंधारात बसला नसता, आणि पहिल्यांदा उजेडात आला तो दिवस असा आला नसता. त्या दोन बोटांतलं एक माझ्या नावावर टाक. मी ते नाकारणार नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीने येते आहे. निसणे बरोबर आहेत, तिन्ही. चाक शिंप्याकडे ठेवलं. तो रडवेला झाला, त्याला सांगितलं की कात्री बोथट झाली तर तिकडेच घेऊन ये. तुमच्या गल्लीत हात कमी आहेत, धार लावणारा तर एकही नाही. मागच्या खोलीत भाताच्या टोपाशेजारी एक स्टूल टाक. उस्तादांची बोटं सैल होईपर्यंत त्यांना घास भरवायला कुणी तरी हवंच, आणि मला गप्पा मारायला ऐकू न येणाऱ्या माणसाचं बोलणं सोसणारा हवा.

बर्फवाल्याला सुटू दे. तो आला तर त्याला आधी म्हातारी लागेल, मग सुरी.

आल्यावर मला कच्चा मासा वाढू नकोस, साधा भात वाढ. आणि तू समोर जेवायला बस, डाव्या हाताने, सावकाश. मी बघत बसेन. एक अक्षर बोलणार नाही.

तुझी आत्या